पाळकाची लेखणी

धर्मोपदेशकाने रहस्यकथा लिहाव्यात, याचे अनेकांना नवल वाटते. इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूने गुप्तहेरकथा लिहिल्या आणि 1929 मध्ये त्या कशा लिहाव्यात याचे दहा नियमही सांगितले. पण आपल्याकडे धर्मसेवा आणि कादंबरी यांची गाठ त्याआधीच पडली होती.

बेळगावात 1831 मध्ये जन्मलेल्या बाबा पदमनजी यांनी 1854 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1857 मध्ये त्यांची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. घराच्या बंद दारांमागे दडवलेले विधवांचे दुःख त्यांनी उजेडात आणले. पुढे ते पुण्यात पाळक झाले, नंतर ते पद सोडून त्यांनी लेखनालाच वाहून घेतले. 1906 मध्ये त्यांचे निधन झाले.

नॉक्सने गुन्ह्याचा उलगडा केला, पदमनजींनी समाजाच्या अन्यायाचा. दुसरे काम अधिक मोलाचे आहे, असे आम्ही ठामपणे मानतो.

मुळशीच्या वाचकांनो, 1921 च्या धरणविरोधी सत्याग्रहाची आणि त्या धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची कहाणीही अशाच लेखणीची वाट पाहते आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, लिहा आणि आमच्याकडे पाठवा.