फरदड, मेंढरें आणि शेतीशाळा

कपाशीची शेवटची वेचणी उरकली म्हणजे ज्याच्या विहिरीस पाणी आहे अशा शेतकऱ्यापुढें दरसाल एकच प्रश्न उभा राहतो. पऱ्हाटी उपटावी, कीं आणखी एकदोन पाणी देऊन फरदड घ्यावी? शाश्वत शेती या नांवाखालीं आज ठिकठिकाणीं जे वर्ग, मेळावे व शिबिरें भरतात, त्यांतून आपण खरोखर कांहीं शिकलों कीं नाहीं याची परीक्षा या एका निर्णयांत होते, असें आमचें मत आहे.

गुलाबी बोंडअळीचें पोट मुख्यतः कपाशीवरच चालतें. शेतांत कपाशी उभी नसेल त्या काळांत ती किडक्या बोंडांत, सरकींत व रचून ठेवलेल्या पऱ्हाटींत सुप्तावस्थेंत दडून बसते. फरदड ठेवली कीं तिचा हा उपासाचा काळ टळतो आणि पुढील हंगामाची बेगमी आपणच तिला करून देतों. दोन जनुकांचें बीटी वाण २००६ सालीं मंजूर झालें, तेव्हां बोंडअळीचा प्रश्न कायमचा मिटला असें पुष्कळांस वाटलें. परंतु कांहीं वर्षांतच गुलाबी अळीस तें पचूं लागलें आणि २०१७ सालीं महाराष्ट्रांतील कापूसपट्ट्यांत तिनें हाहाकार उडविला. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर प्राणास मुकले, हें आमच्या वाचकांस विसरतां येणार नाहीं.

बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर पूर्वीं साध्या बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी येत असे. ती सभोंवार पेरावयाची होती. त्या झाडांवर वाढलेल्या, विष न पचविणाऱ्या पतंगांचा संकर विष पचविणाऱ्या पतंगांशीं व्हावा व अळीचा कणखरपणा लांबणीवर पडावा, हा त्यांतील हेतु. बहुतेकांनीं ती पुडी पेरलीच नाहीं. शेतकऱ्यास याबद्दल दोष देणें सोपें आहे. पण पुडी हातांत देणारानें तिचें कारण कितीजणांस समजावून दिलें होतें?

शेतीशाळेची पद्धत आम्हांस पसंत आहे ती याच कारणानें. इंडोनेशियांत तपकिरी तुडतुड्यांनीं भाताचीं पिकें बुडविलीं, आणि शोधाअंतीं असें दिसून आलें कीं फवारणीनें कोळी व इतर मित्रकीटक मेल्यामुळें तुडतुडे अधिकच माजले. १९८६ सालीं तेथील सरकारनें भातावर मारावयाचीं ५७ औषधें बंद केलीं. नुसत्या बंदीनें शेतकऱ्याची नजर तयार होत नाहीं; म्हणून १९८९ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या साह्यानें तेथें अशा शाळा निघाल्या. वीसपंचवीस शेतकऱ्यांनीं दर आठवड्यास एका शेतांत उतरावें, झाडें तपासावीं, शत्रुकीटक व मित्रकीटक मोजून कागदावर चित्र काढावें, आणि फवारावयाचें कीं नाहीं हें आपसांत बोलून ठरवावें, अशी तेथील रीत. त्यांत व्याख्यान थोडें असतें, पीकच पुस्तकाचें काम करतें.

आपल्याकडेही अशा शेतीशाळा भरतात, कृषि विज्ञान केंद्रें आहेत, अकोल्यास कृषि विद्यापीठ व नागपुरास कापूस संशोधन संस्था आहे. उणीव आहे ती आपल्या हजेरीची. मालक पहिल्या दिवशीं फोटोपुरता येतो, पुढें सालगड्यास धाडतो, आणि कांहीं फुकट वाटप असेल त्या दिवशीं पुन्हां उगवतो! ज्या बायका कापूस वेचतात, त्यांना तर कोणी बोलावीतच नाहीं. वास्तविक प्रत्येक बोंड त्यांच्याच हाताखालून जातें. डोमकळी कोठें दिसली, कोणत्या तासांत कवडी कापूस निघाला, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार? त्यांना शाळेंत बसवावें आणि त्या वेळेची मजुरी मालकानें द्यावी, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. मजुरी बुडवून कोणी शिकावयास येणार नाहीं.

आतां फरदडीविषयीं. थोड्या खर्चांत दोन पैसे अधिक मिळतात, हें खरें. ज्याचें कर्ज उभें आहे त्यानें तो मोह टाळावा असें दुरून सांगणें आम्हांस शोभणार नाहीं. परंतु फरदड घेतां येते ती ओलिताच्या शेतकऱ्यास. त्याच्या शेतांत पोसलेली अळी पुढील सालीं पतंग होऊन शेजारच्या कोरडवाहूच्या कपाशीवर जाते. नफा एकाचा आणि तोटा सर्व शिवाराचा, हा हिशेब न्यायाचा नाहीं. आमचे बहुतेक वाचक विहीरवाले आहेत, म्हणून हें त्यांनाच सांगणें प्राप्त आहे. अमेरिकेंत ही अळी १९१७ सालीं टेक्सासांत शिरली; २०१८ सालीं ती देशांतून नाहींशी झाल्याचें तेथील सरकारनें जाहीर केलें. बीटी वाण, वांझ केलेले पतंग व कामगंध हे त्यांचे उपाय खरे, पण त्यांजबरोबर ठरल्या मुदतींत पऱ्हाटी काढून जमीन नांगरण्याचा नियमही होता, आणि तो सर्वांस सारखा लागू होता.

पऱ्हाटी काढण्यापूर्वीं एक काम मेंढरांकडून करून घेण्यासारखें आहे. शेवटच्या वेचणीनंतर कळप सोडला कीं तीं हिरवी पानें व किडकीं बोंडें अळीसकट खाऊन टाकतात आणि वर लेंडीखत देऊन जातात. मेंढरें बसविण्याची आपली चाल जुनीच. धनगर तर आहेतच, शिवाय कच्छकडील रबारीही विदर्भांत कित्येक वर्षें कळप घेऊन येत आहेत. पण गायरानें आक्रसलीं, वाटा अडल्या, आणि मेंढपाळ दिसला कीं काठी उगारण्याची संवय मात्र वाढली. शेतीशाळेच्या एका बैठकीस त्यालाही बोलवावें. कोणत्या शेतांत कोणतें औषध कधीं मारलें हें त्याला आधीं समजलें पाहिजे. ताज्या फवारणीच्या शेतांत कळप घातला तर जनावरें दगावतील व दोष त्याच्याच माथीं येईल.

सापळ्यांचा हिशेबही गटानेंच ठेवावा. सलग तीन रात्रीं प्रत्येक सापळ्यांत आठ वा अधिक पतंग सांपडले, किंवा शेंकडा दहा फुलें अगर बोंडें किडलेलीं आढळलीं, म्हणजे उपायाची वेळ आली असें समजावें. त्यापूर्वीं पंप उचलूं नये. डिसेंबरअखेर शेत मोकळें करावयाचें असेल, तर मेंढपाळाशीं बोलणें आणि पऱ्हाटी बारीक करणाऱ्या यंत्राचें भाडें हें सर्व शिवारानें मिळून नोव्हेंबरांतच ठरविलें पाहिजे. ज्यांना सरपणासाठीं पऱ्हाटी हवी आहे त्यांनीं ती बोंडें झडवून मग घरीं न्यावी, आणि झडलेलीं बोंडें तेथेंच जाळावीं.