ओल्या कपड्यांचा कुबट वास अंगावर काढू नका

पावसाळा लागला की घरोघरी एक वाक्य ऐकू येते : "चालायचंच, पावसात कपड्यांना वास येतोच." दुसरे वाक्य घरातल्या बाईला उद्देशून असते : "कपडे नीट वाळवता येत नाहीत का?" माझ्या मते ही दोन्ही वाक्ये चूक आहेत.

कुबट वास म्हणजे बुरशी. सुती कापड, त्यातला घाम, मळ आणि खळ हे तिचे खाणे. कापड एक-दोन दिवस दमट राहिले तरी तिला पुरते. म्हणून ट्रंकेत जपून ठेवलेली पांढरी साडी किंवा सदरा वर्षावासातल्या पौर्णिमेला बाहेर काढावा, तर घडीवर काळे ठिपके. पावसाळ्यापुरते तरी पांढरे कपडे खळ न करता, कडकडीत वाळवून ठेवावेत.

डागांपेक्षा मोठी काळजी श्वासाची. बुरशीचे बारीक कण हवेत उडतात. ज्या मुलाला दमा आहे त्याची धाप कुबट गोधडीत झोपल्याने वाढते. रात्री खोकला, सकाळी शिंका असे चालू असेल तर औषधाबरोबर अंथरुणही तपासा. आणि ओलसर चड्डी-बनियन अंगात घालून मुलांना शाळेत पाठवू नका. जांघेतले गजकर्ण अशा ओलीतच फोफावते.

बुरशी लागलेला कपडा घरात झटकू नये. नाकाला रुमाल बांधून बाहेर ब्रशने झाडावा. मग कापडाला सोसेल तितक्या गरम पाण्यात साबण किंवा धुण्याचा सोडा घालून भिजवावा, चोळून धुवावा आणि उन्हात वाळवावा. जुना डाग पूर्ण जाईलच असे नाही, पण वास गेला पाहिजे. वास राहिला तर पुन्हा धुवा. ब्लीच फक्त पांढऱ्या सुती कपड्याला, तेही बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच. लोकरी, रेशमी, रंगीत कपड्याला नको. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा : ब्लीचमध्ये संडास धुण्याचे अॅसिड किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपल्या मोऱ्या म्हणजे चार फुटांची कोंडलेली जागा.

डांबराच्या गोळ्या कसर मारतात, ओल घालवत नाहीत. त्यांत ठेवलेली दुपटी तान्ह्या बाळाला गुंडाळू नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक दोष असतो. अशा बाळाच्या तांबड्या पेशी त्या वासाने फुटून कावीळ होऊ शकते.

आता त्या दुसऱ्या वाक्याबद्दल. पाच माणसांचे धुणे दहा बाय दहाच्या खोलीत दोरीवर टाकले की एक-दोन लिटर पाणी त्याच खोलीच्या हवेत जाते. खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. यात त्या बाईचा आळस कुठे आला? पुनर्वसनाच्या इमारतींतही फार फरक नाही. मुंबईत गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड येथे झालेल्या, 2018 साली पुढे आलेल्या अभ्यासात ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवरील घरांचा आणि क्षयरोगाचा संबंध दाखवला गेला. जिथे ऊन पोचत नाही तिथे कपडे वाळत नाहीत, आणि रोगाचे जंतूही टिकतात. दोन इमारतींमध्ये अंतर किती, हा म्हणूनच आरोग्याचा प्रश्न आहे. घराची चावी घेण्याआधी, नकाशा पुढे ठेवतात तेव्हाच, तो विचारायला हवा.

तोवर हातात आहे ते करू. पिळलेले धुणे दाटीने न टाकता कपड्या-कपड्यात चार बोटे जागा सोडावी, पंखा असेल तर त्याखाली दोरी बांधावी. भिजलेली गोधडी उचलून नेणे हे एकटीचे काम नाही, घरातल्या पुरुषांनी दुसरे टोक धरावे. आणि इमारतीची गच्ची! बहुतेक ठिकाणी तिला कुलूप असते आणि चावी कमिटीकडे. मुले चढतात म्हणून कुलूप, हे मान्य. पण पावसाने उघडीप दिली की दोन तास गच्ची उघडी ठेवून मजल्यामजल्याने पाळी लावता येते. येत्या बैठकीत हा विषय बायांनीच मांडावा.