चोर सोडून संन्याशाला फाशी!

२०२३ सालच्या जानेवारीत अमेरिकेच्या ग्रामीण भागात आणि शहरांच्या उपनगरांत एक वार्ता वणव्यासारखी पसरली. परसात पाच-पंचवीस कोंबड्या पाळणारी माणसे एकमेकांना सांगू लागली की, आमच्या कोंबड्यांनी अंडी देणे बंद केले आहे आणि दुकानातून आणलेले तयार खाद्यच त्यास कारणीभूत आहे. कंपन्यांनी खाद्यात मुद्दाम काहीतरी मिसळले किंवा त्यातील प्रथिने कमी केली. हेतू असा की, लोकांनी घरची अंडी विसरावीत व बाजारातील महाग अंडी विकत घ्यावीत! कित्येकांनी ते खाद्य टाकून देऊन कोंबड्यांना शेळ्यांचे खाद्य घातले, आणि काही आठवड्यांनी खुराड्यात पुन्हा अंडी दिसू लागताच "पुरावा सापडला" असा पुकारा केला. अंड्यांचे भाव भडकले की ही वार्ता पुन्हा डोके वर काढू शकते. म्हणून तिचा एकदा नीट समाचार घेणे अगत्याचे आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या माणसांचा संशय मुळातच हास्यास्पद नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत डझनभर अंड्यांची सरासरी किंमत १ डॉलर ९३ सेंट होती. वर्षभरात ती ४ डॉलर ८२ सेंट झाली. ज्याला बाजारात असे नागवले जाते, त्याने बाजाराच्या धन्यांवर संशय घेऊ नये तर काय करावे? त्याला अडाणी म्हणून हिणवणाऱ्या सुशिक्षितांनी त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दिले नाही. परंतु संशय रास्त असला म्हणजे आरोप खरा ठरतो असे नव्हे. आरोपाला पुरावा लागतो, आणि येथे पुरावा नेमका उलट दिशेने बोट दाखवतो.

कोंबडीचे शरीर काय सांगते?

कोंबडीचे अंडे केवळ दाण्यावर तयार होत नाही. त्याला प्रकाशही लागतो. प्रकाश कोंबडीच्या डोळ्यांतून तर जातोच, शिवाय तिच्या कवटीतून पार होऊन थेट मेंदूतील संवेदनशील पेशींपर्यंत पोहोचतो. दिवस पुरेसा मोठा असला की मेंदूतून संप्रेरकांची साखळी सुरू होते आणि अंडाशय कामाला लागते. भरघोस अंडी हवी असतील, तर दिवसाचा उजेड सुमारे चौदा ते सोळा तासांचा असावा लागतो. डिसेंबरअखेर शिकागोचा दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. त्यातच शरद ऋतूत कोंबड्यांची पिसे झडून नवी येतात. पीस हे बव्हंशी प्रथिनांचेच बनलेले असल्यामुळे त्या काळात शरीर अंड्यांऐवजी पिसांवर खर्च करते. कोंबडी जसजशी वयस्क होते तसतशी ही विश्रांतीही लांबते.

आता शेळीच्या खाद्याचा "चमत्कार" पाहू. डिसेंबरच्या उत्तरार्धानंतर दिवस वाढू लागतो, तोपर्यंत नवी पिसेही आलेली असतात. जानेवारीच्या अखेरीस वा फेब्रुवारीत अंडी पुन्हा सुरू होणे हा दरवर्षीचा क्रम आहे. खाद्य नेमके त्याच सुमारास बदलले गेले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढेच! खरी पारख करायची होती, तर एकाच वयाच्या, एकाच खुराड्यातील, एकाच उजेडातील कोंबड्यांचे दोन गट करून एकाला जुने व दुसऱ्याला नवे खाद्य द्यायला हवे होते. ही पारख गरीब माणूसही करू शकतो. तिला प्रयोगशाळा लागत नाही. पुकारा करणाऱ्यांनी मात्र तिची वाट पाहिली नाही.

संबंधित कंपन्यांनी खाद्याचे घटक बदलल्याचा इन्कार केला; पण आपल्याला कंपन्यांच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही. अजस्र कारखानदारी शेडांमध्ये लक्षावधी कोंबड्या मका, सोयापेंड, चुनखडी, क्षार व जीवनसत्त्वे यांचेच मिश्रण खातात आणि ऐन हिवाळ्यातही अंडी देतात, कारण तेथे दिव्यांनी दिवस लांबवलेला असतो. खाद्यच वांझपणा आणत असते, तर हे कारखाने सर्वांत आधी बंद पडले असते.

खाद्याचा खरा वाटा

याचा अर्थ खाद्याचा अंड्यांशी संबंध नाही असा मुळीच नाही. अंड्यावरील कोंबडी दिवसाला सुमारे ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. त्यात सोळा ते अठरा टक्के प्रथिने आणि साडेतीन ते साडेचार टक्के कॅल्शियम असावे लागते. एका अंड्याच्या कवचातच दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जाते. महागाईमुळे तयार खाद्य बंद करून नुसता मका वा कणी घातली, वाढत्या पिल्लांचे कमी कॅल्शियमचे खाद्य मोठ्या कोंबड्यांना दिले, पोते जुने होऊन बुरसले, वा पिण्याचे पाणी तुटले, तर अंडी निश्चितच घटतात. म्हणजे अफवेचा खरा फटका कोणाला बसतो? भीतीपोटी समतोल खाद्य टाकून देणाऱ्या लहान पाळणाऱ्यालाच! त्याच्या खुराड्यातील अंडी आता खरोखरच कमी होतात, आणि त्याला वाटते आपला संशय सिद्ध झाला.

मग चोर कोण?

फेब्रुवारी २०२२ पासून अमेरिकेतील कुक्कुटशाळांत बर्ड फ्लूची साथ पसरली. त्या वर्षात चार कोटींहून अधिक अंड्यावरील कोंबड्या दगावल्या वा मारून टाकाव्या लागल्या. तुटवडा खरा होता. पण तुटवड्यावर पीक कोणी काढले? अमेरिकेतील सर्वांत मोठी अंडी-कंपनी कॅल-मेन हिच्या एकाही शेडात त्या आर्थिक वर्षात साथ शिरली नाही. तिने विकलेल्या अंड्यांची संख्या घटली नाही, उलट वाढली. तरीही तिचा निव्वळ नफा सुमारे १३ कोटी ३० लाख डॉलरवरून सुमारे ७५ कोटी ८० लाख डॉलरवर गेला, म्हणजे एका वर्षात पाचपटीहून अधिक! कोंबड्या इतरांच्या मेल्या आणि भाव हिला मिळाला. 'फार्म ॲक्शन' या शेतकरी-हितैषी संघटनेने जानेवारी २०२३ मध्येच सरकारी व्यापार आयोगाकडे चौकशीची मागणी केली होती.

आणि हे चारित्र्य नवे नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये इलिनॉय राज्यातील संघराज्य न्यायालयात ज्यूरीने कॅल-मेन, रोझ एकर फार्म्स व अंडी-उत्पादकांच्या दोन संघटनांना, २००४ ते २००८ या काळात संगनमताने अंड्यांचा पुरवठा रोखून भाव चढवल्याबद्दल जबाबदार धरले. कंपन्यांनी आरोप नाकारले होते. तथापि ज्यूरीने १ कोटी ७७ लाख डॉलरची भरपाई ठरवली, जी मक्तेदारीविरोधी कायद्यानुसार तिप्पट होते. फिर्यादी तरी कोण होते? क्राफ्ट, केलॉग, जनरल मिल्स, नेस्ले! भांडवलदारांनी भांडवलदारांकडून वसुली केली. डझनभर अंड्यांसाठी खिसा चाचपणारी गृहिणी त्या खटल्यात कोठेच नव्हती.

खाद्याच्या अफवेतील विष नेमके येथे आहे. कट होता, तो न्यायालयात उघडही झाला. पण तो पोत्यात नव्हता, बाजारपेठेत होता. ज्या क्रोधाने नफ्याचा हिशेब मागायचा, तो क्रोध सोयापेंडीच्या पोत्यावर खर्ची पडला. याहून मक्तेदारांना अधिक काय हवे?

आपल्याकडचा धडा

हा प्रश्न आपल्याला परका नाही. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीच्या मांसातून कोरोना होतो अशी निराधार अफवा भारतभर पसरली. भाव कोसळले, महाराष्ट्रातही अनेकांनी पक्षी मातीमोल विकले वा पुरून टाकले. त्याचबरोबर खाद्याची मागणी घटून मका व सोयाबीन पिकवणारा शेतकरीही पोळला. अफवा कोठूनही उठो, तिचा भार तळच्या माणसावरच पडतो. आपल्याकडे हिवाळ्याचा दिवस तेवढा आखूड होत नाही, मुंबईत तो सुमारे अकरा तासांचा असतो. तरी अंडी कमी झाली की आधी उजेड, वय, पिसे, पाणी आणि खुडूक बसलेली कोंबडी यांकडे पाहावे, मग पोत्याकडे. आणि पोते सदोष वाटलेच, तर नमुना राखून ठेवावा, पावती जपावी, तपासणीची मागणी संघटितपणे करावी.

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, असे आपले पूर्वज सांगत आले. सत्यही तसेच आहे. पण ते आपोआप कष्टकऱ्याच्या दारी येत नाही. त्यासाठी कोंबडीच्या शरीराचे ज्ञान आणि बाजाराच्या हिशेबाचे ज्ञान, ही दोन्ही त्याच्या हाती यावी लागतात. पहिले असले की अफवा त्याला फसवू शकत नाही. दुसरे असले की मक्तेदार त्याला लुबाडू शकत नाहीत.