सफारीच्या बेतात उन्हाचाही हिशेब हवा

मार्च सरत आला की पुण्या-मुंबईतल्या घरांत सुट्टीचे बेत सुरू होतात आणि हल्ली त्यात ताडोबाचे नाव हमखास असते. शुक्रवारी रात्री निघायचे, शनिवारी दुपारची आणि रविवारी सकाळची सफारी करायची, सोमवारी कामावर हजर व्हायचे, असा हा दोन दिवसांचा कार्यक्रम. प्रवेशद्वार मोहर्लीचे घ्यावे की कोलाऱ्याचे, बुकिंग कोअरमध्ये मिळेल की बफरवर समाधान मानावे लागेल, कोणती वाघीण सध्या बछड्यांसह दिसते आहे, याची खडान्‌खडा चौकशी केली जाते. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्या दिवशी चंद्रपुरात पारा किती असेल आणि सोबतच्या माणसांना तो सोसेल का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण सफारीचा ऐन हंगाम म्हणजे उन्हाळ्याचाही ऐन हंगाम. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे कोअर क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर सुमारे ११०० चौरस किलोमीटर. एवढ्या जंगलात वाघ शोधणे एरवी नशिबाचा भाग. एप्रिल-मेमध्ये मात्र साग निष्पर्ण होतो, गवत वाळते, नाले आटतात आणि उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर सगळ्या प्राण्यांना यावेच लागते. म्हणून या दिवसांत वाघ अधिक दिसतो. म्हणजे वाघ दिसण्याचे कारण आणि पर्यटक आजारी पडण्याचे कारण एकच आहे: पाणी आटवणारे ऊन. फरक एवढाच, की वाघ दुपारभर पाण्यात बसून राहतो आणि त्याला पाहायला निघालेला माणूस नेमका त्याच वेळी उघड्या जिप्सीत चढतो.

चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांपलीकडे जाणे नवे नाही. मुंबईच्या माणसाची इथे एक फसगत होते. किनारपट्टीवर हवा दमट असते, घाम अंगावर साचतो आणि त्रास लगेच जाणवतो. विदर्भातील कोरड्या हवेत घाम येताक्षणीच उडून जातो. अंग कोरडे राहते, कपडे भिजत नाहीत, त्यामुळे ‘घाम तर येतच नाही’ असे वाटते. प्रत्यक्षात चार तासांच्या फेरीत लिटर-दोन लिटर पाणी शरीरातून सहज निघून जाऊ शकते आणि त्याबरोबर मीठही.

दुसरी फसगत वाऱ्याची. उघड्या गाडीत वारा लागतो म्हणून बरे वाटेल, ही अपेक्षा. पण त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गरम असेल तर वारा अंगातली उष्णता काढून नेत नाही, उलट आणून टाकतो. अशा वेळी शरीराला थंड ठेवणारा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम उडून जाणे. घामासाठी लागणारे पाणी पोटात गेले नसेल तर तोही बंद पडतो.

तिसरी अडचण वेळापत्रकाची. उन्हाची सवय शरीराला होते, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर व जास्त सुटू लागतो, त्यातून जाणारे मीठ कमी होते आणि हृदयावरचा ताण हलका होतो. दोन दिवसांच्या सहलीत यातले काहीच घडत नाही. वातानुकूलित कचेरी, वातानुकूलित रेल्वे किंवा विमान, वातानुकूलित खोली आणि तिथून थेट दुपारी तीनच्या सुमाराची सफारी. म्हणजे दिवसाचे तापमान कमाल असते त्या वेळी. उष्माघातासाठी ४५ अंशच लागतात असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा तापमान ताडोबाच्या मे महिन्याइतके नव्हते. तासन्‌तास उघड्यावर बसणे आणि पाणी कमी पडणे पुरेसे ठरते.

पाणी कमी का पडते, हेही नीट पाहायला हवे. सफारीत गाडीतून उतरता येत नाही आणि स्वच्छतागृहाची सोय ठरलेल्या जागीच असते. त्यामुळे अनेक जण, विशेषतः महिला, निघण्याआधी दोन-तीन तास पाणीच पीत नाहीत. हा निष्काळजीपणा नाही, सोय नसल्याचा परिणाम आहे. त्यातून आधी डोकेदुखी, मळमळ आणि पायात गोळे येतात; नंतर लघवीच्या संसर्गाचा धोकाही वाढतो. निघण्याच्या दोन तास आधी अर्धा लिटर पाणी पिऊन, प्रवेशद्वारावर लघवीला जाऊन मग गाडीत बसावे आणि फेरीत दर पंधरा-वीस मिनिटांनी काही घोट घेत राहावे, हा साधा उपाय आहे.

सोबत ओआरएसची पाकिटे हवीत, पण तीही पारखून घ्यावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. त्याच नावाखाली दुकानात मिळणाऱ्या गोड पेयांत साखर कितीतरी जास्त असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. तेव्हा औषधाच्या दुकानातून पाकीट घ्यावे आणि त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घालावे. ते नसेल तर मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा ताक चालेल.

सगळ्यांना धोका सारखा नसतो. साठीच्या पुढची माणसे, लहान मुले, गरोदर महिला, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले यांना उन्हाचा मार लवकर बसतो. औषधांकडेही लक्ष हवे. रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर टाकतात, काही हृदयाची गती वाढू देत नाहीत. सर्दी-ॲलर्जीच्या आणि मानसिक आजाराच्या काही औषधांनी घाम कमी येतो. या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचे. इन्सुलिन उन्हात ठेवलेल्या बॅगेत राहू देऊ नये. आदल्या रात्री रिसॉर्टवर मद्यपान आणि अपुरी झोप झाली असेल तर दुसऱ्या दिवशीचा धोका आणखी वाढतो. जुलाब किंवा ताप असलेल्या माणसाने फेरी सोडून द्यावी. पैसे भरले आहेत म्हणून जाणे महागात पडते. आजी-आजोबा आणि लहान मुलांसाठी सकाळची फेरीच घ्यावी.

उष्माघात ओळखण्याची खूण सोपी आहे. माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, झोपाळला किंवा झटका आला आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे गेलेले असते आणि मेंदूला इजा व्हायला फार वेळ लागत नाही. घाम येत आहे म्हणून उष्माघात नाही, असे समजू नये. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, कारण हा ताप जंतूंचा नाही. शुद्ध हरपत असलेल्याला तोंडाने पाणी पाजू नये. नियम एकच: आधी थंड करा, मग हलवा. जंगलात खाली उतरता येत नसेल तर गाडी सावलीत घेऊन पिण्याच्या बाटल्या अंगावर ओताव्यात, ओढणी किंवा पंचा भिजवून अंगभर पसरावा, सतत वारा घालावा, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघांत ठेवावा. हे करत करत जवळची संरक्षण कुटी किंवा प्रवेशद्वार गाठावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवरून दवाखान्यापर्यंत पोहोचण्याचा वेळ पाहता, जीव वाचतो तो बहुधा गाडीतच केलेल्या या उपचाराने.

इथे एक धोरणाचा मुद्दा येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांतील रात्रीच्या पर्यटनाला मनाई केली आणि कोअर क्षेत्रातील पर्यटन विभागात मोबाइल वापरू नये, असेही निर्देश दिले. वाघिणीला गाड्यांनी घेरून चित्रफिती काढण्याचे प्रकार पाहता हे योग्यच झाले. पण पर्यटकाच्या हातातला फोन काढून घेतल्यावर संकटकाळी निरोप कसा जाणार, याची जबाबदारी व्यवस्थेवर येते. गाइडकडे बिनतारी संच, गाडीत बर्फाची पेटी आणि जादा पाणी, प्रवेशद्वारावर तापमानाचा फलक, थंड पाण्याची सोय आणि उष्माघाताचा प्रथमोपचार शिकलेली माणसे, एवढे तरी हवे. हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेचा लाल इशारा दिला तर दुपारची फेरी उशिरा सुरू करणे किंवा दंड न लावता तारीख बदलून देणे शक्य आहे. आज बुकिंगचे पैसे बुडतील या भीतीने आजारी माणूसही गाडीत चढतो.

हा प्रश्न दोन दिवसांच्या पाहुण्यांपुरता मर्यादित नाही. पर्यटक एक-दोन फेऱ्या करून परततो. जिप्सीचालक आणि गाइड हंगामभर याच उन्हात असतात. रोजचे पाण्याचे दुर्भिक्ष मूत्रपिंडांनाही सोसत नाही. आणि याच मे महिन्यात भोवतालच्या गावांतील माणसे तेंदूपाने तोडायला जंगलात जातात. ऊन चढण्याआधी काम उरकायचे म्हणून ती पहाटेच निघतात. वाघही गारव्याच्या त्याच वेळी फिरत असतो. ऊन माणसाला आणि वाघाला एकाच वेळी एकाच जंगलात आणून सोडते. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. पर्यटकाला जो वाघ पाहायचा आहे, त्याच्याच शेजारी ही माणसे राहतात आणि त्यांना फेरी रद्द करण्याची मुभा नसते. सफारीच्या शुल्कातून मिळणाऱ्या पैशाचा काही वाटा गाइड-चालकांची नियमित तपासणी, तेंदू हंगामातली फिरती वैद्यकीय पथके आणि गावातल्या आरोग्य उपकेंद्रात उष्माघाताची सज्जता यांवर खर्च झाला, तर त्यात पर्यटकाचेही हित आहे. त्यालाही प्रसंगी त्याच उपकेंद्रात यावे लागणार आहे.

परतल्यानंतरचीही एक काळजी आहे. जंगलातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘ताडोबाला जाऊन आलो’ हे आवर्जून सांगावे. शेजारच्या गडचिरोलीत मलेरियाचे प्रमाण मोठे आहे. पावसाळ्यानंतर विदर्भात स्क्रब टायफसचेही रुग्ण आढळतात. त्यात चिगर नावाचा बारीक किडा चावल्याजागी काळी खपली दिसते आणि योग्य औषध वेळेवर मिळाले तर आजार बरा होतो. प्रवासाची माहिती नसेल तर निदान लांबते.

उरतो प्रश्न हंगामाचा. कोअर क्षेत्र पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये उघडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात वाघ दिसण्याची शक्यता थोडी कमी, पण जंगल हिरवे, पक्षी भरपूर आणि सकाळी स्वेटर लागेल अशी थंडी. वयस्कर आई-वडील किंवा लहान मुले सोबत असतील तर हेच महिने योग्य. २०२२ च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत. मे महिन्यात नाही तर डिसेंबरात, ते तिथेच असणार आहेत.