विज्ञानपट परका कसा?



'इंटरस्टेलर' म्हणजे आपल्याला न कळणारे परदेशी खूळ, हे आधी छापलेल्या एका पत्राच्या लेखकाचे मत पटले नाही. २०१४च्या या चित्रपटात पाण्याच्या ग्रहावरचा तास पृथ्वीवरच्या सात वर्षांएवढा असतो. यानात परतलेला बाप मुलांचे तेवीस वर्षांचे साठलेले निरोप पाहून ढसाढसा रडतो. ते कळायला कसली पदवी लागते? त्यामागचे विज्ञान भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांचे; त्यांना पुढे २०१७मध्ये नोबेल मिळाले. शिवाय मराठीला विज्ञानकथा नवी नाही. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठवून बक्षीस मिळवले होते. आगामी चित्रपटांचे ट्रेलर निम्मी गोष्ट आधीच फोडतात, ही त्या पत्रलेखकाची तक्रार मात्र रास्त. त्यांनी ट्रेलर टाळावेत. विज्ञानकथा टाळू नयेत.

– एक वाचक, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर