सोबत कोण आहे?

इंदूरला कार्यकर्त्यांच्या शिबिरासाठी गेले होते. मूलभूत हक्क या विषयावर दोन दिवस बोलून घसा बसला होता. परतीचं आरक्षण मिळालं ते एक दिवस उशिराचं, त्यामुळे मधे एक अख्खा दिवस मोकळा सापडला. बैठक नाही, केस नाही, घरचा स्वयंपाक नाही. महेश्वर तिथून नव्वदेक किलोमीटरवर. एवढ्या वेळा इंदूरला जाऊनही बघायचं राहिलं होतं. सकाळची बस धरली आणि धामनोदवरून धूळ खात दहाच्या सुमाराला महेश्वरला उतरले.

घाटाजवळच्या एका लॉजवर गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी रजिस्टर उघडलं, पेन घेतलं आणि माझ्या मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. "साथ में कौन है?" एकटीच आहे म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. "अकेली लेडीज को नहीं देते." आवाजात तुसडेपणा अजिबात नव्हता. वाणी साखर संपली म्हणून सांगतो, तसं.

खरं सांगते, आदल्याच दुपारी मी चाळीस बायकांसमोर घटनेचं पंधरावं कलम वाचून दाखवलं होतं. त्याचं दुसरं पोटकलम म्हणतं की, केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणालाही दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत जायला मज्जाव करता येणार नाही. तसंच सरकारी खर्चाने राखलेल्या विहिरी, तलाव, रस्ते आणि स्नानाचे घाट वापरायलाही नाही. हॉटेल आणि घाट दोन्ही एकाच कलमात! मला ते पाठ आहे. आणि तरी माझ्या तोंडातून निघून गेलं, "मिस्टर शाम की बस से आ रहे हैं."

पेन लगेच वर उचललं गेलं. रजिस्टरात एका पुरुषाचं नाव लिहिलं, किल्ली मिळाली. (मला नवरा आहे की नाही, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. काउंटरवरही तो गैरलागूच असायला हवा होता.)

घाटावर गेले तेव्हा हे खोटं काखोटीला होतंच. किल्ल्यातून उतरणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या थेट पाण्यात जातात. विठोजीच्या छत्रीच्या जोत्यावर कोरलेल्या हत्तींची रांग आहे. नर्मदा इथे प्रशस्त आणि संथ. पलीकडच्या काठावर नावडाटोली. तिथे आणि महेश्वरला डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५० च्या दशकात उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आणली. नदीच्या मध्यावर बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे. तिथे जायला नाववाला एकटीला नेईना, म्हणून एका कुटुंबाच्या नावेत शिरले. त्या घरातल्या सासूबाईंनी काठापासून देवळापर्यंत माझी चौकशी केली. मी काय काम करते हे मात्र विचारलं नाही.

परत येऊन पायऱ्यांवर बसले. घाटावर पुरुष पुष्कळ बसलेले होते. कोणी बिडी ओढत, कोणी गप्पा मारत, एक जण तर चक्क झोपलेला. बायकाही कमी नव्हत्या, पण एकही रिकामी नव्हती. कोणी कपडे आपटत होती, कोणी हंडा भरत होती, कोणी पोराला अंघोळ घालत होती, कोणी दिवा सोडत होती. दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा पिशवीतून वही काढून उगाच काहीबाही लिहीत बसले आहे. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, बाई कामाने आली आहे. २०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर?' हे मुंबईवरचं पुस्तक आलं, त्यात नेमकं हेच मांडलंय. बाईला सार्वजनिक जागेत असायला सतत काहीतरी कारण दाखवावं लागतं. आपण त्यावर चर्चासत्रं घेतली, आणि वही काढायची सवय तशीच राहिली.

हे सगळं घडतंय कुठे, तर अहिल्याबाई होळकरांच्या राजधानीत. जामखेड तालुक्यातल्या चौंडीची ही मुलगी. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला, तेव्हा सासरे मल्हाररावांनी तिला सती जाण्यापासून परावृत्त केलं. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्या वर्षी मुलगा मालेराव गेला. बाई एकटी उरली म्हणताच राघोबादादा फौज घेऊन निघाले. ती डगमगली नाही. १७६७ पासून १७९५ पर्यंत, अठ्ठावीस वर्षं तिने राज्य चालवलं. हिशेब तपासले, निवाडे केले.

पण तुम्ही तिचा कुठलाही पुतळा, कुठलंही चित्र आठवून बघा. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, हातात पिंड. पुण्यश्लोक म्हटलं की आपण हात जोडून मोकळे होतो. तिच्या हातात हिशेबाची वही दिली असती तर मग आजच्या बाईला एकटीने काय काय करू द्यायचं, याचा विचार करणं भाग पडलं असतं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, २०२५ मध्ये तिची त्रिशताब्दी सगळीकडे साजरी झाली. तिच्याच गावात एकट्या बाईला खोली मिळत नाही, हे मी त्या सोहळ्यांच्या शेजारी ठेवते एवढंच.

घाटावर आणखी एक गोष्ट आहे, फारसं कुणी दाखवत नाही. सतींच्या स्मृतिशिळा. १७९१ मध्ये अहिल्याबाईंची मुलगी मुक्ताबाई, नवरा यशवंतराव फणसे गेल्यावर, महेश्वरलाच सती गेली. आईने परोपरीने विनवलं, उपयोग झाला नाही, असं माल्कमने लिहून ठेवलंय. जिला सासऱ्याने वाचवलं, तिला राज्य हातात असूनही पोटची मुलगी वाचवता आली नाही. त्या शिळांपाशी मी बराच वेळ उभी होते. लॉजवरच्या प्रश्नाची आणि चितेची तुलना मी करणार नाही, ती ओढूनताणून होईल. पण 'हिच्यासोबत कोण आहे' याच्या उत्तरावर बाईचं सगळं ठरवायची रीत किती जुनी आहे, हे तिथे उभं राहिल्यावर वाचून कळतं त्यापेक्षा वेगळं कळतं.

दुपारी माग बघायला गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी सुरू केली आणि मोडकळीला आलेल्या विणकामाला पुन्हा उभारी आली. तिथे बायकांना मागावर बसवलं गेलं, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचं. एरवी कांड्या भरायच्या बायकांनी आणि साडी पुरुषाची, असं चालायचं. मी गेले त्या घरी माझ्याच वयाची एक विणकर बाई दोन्ही बाजूंनी नेसता येणारा बुगडी काठ विणत होती. तिनेही विचारलं, "अकेली आई हो?" पण सूर निराळा होता. हो म्हटल्यावर तिने हात थांबवले आणि बसचं भाडं किती, रात्री भीती वाटते का, जेवायचं कुठे, असं सगळं बारकाईने विचारून घेतलं. जणू नोंद करून ठेवत होती. मग म्हणाली, मी विणलेल्या साड्या दिल्ली-मुंबईला जातात. मी इंदूरला गेले ते एकदाच, दवाखान्यात.

आपण छळ, पोटगी, दारू, रेशन यांवर लढतो आणि ते लढायलाच हवं. भटकायचा हक्क मागितला की आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, हे शहरी चोचले. मला आता तसं वाटत नाही. त्या विणकर बाईचे प्रश्न चोचल्यांचे नव्हते. तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या तालुक्याच्या गावी एकट्या बाईला कुठे खोली मिळते, कुठे नाकारतात, काय कारण सांगतात, हे पत्राने कळवा. पुढच्या अंकात यादी छापू. आणि काउंटरवर तुम्ही काय उत्तर दिलंत तेही लिहा, खोटं बोलला असाल तरी.

अंधार पडल्यावर घाटावर दिवे लागले. पाण्याच्या अगदी काठाशी वही पिशवीत ठेवून बसले, नऊ वाजेपर्यंत. लॉजवर परतले तर गृहस्थांनी विचारलं, "साहब नहीं आए?" पंधरावं कलम पुन्हा एकदा आठवलं. म्हटलं, "काम निकल आया, कल आएँगे." त्यांनी मान हलवली.

सकाळी खोली झाडायला आलेल्या बाईंनी कोपऱ्यात केरसुणी टेकवली, माझ्याकडे बघून हसल्या आणि हळूच म्हणाल्या, "कोई आनेवाला नहीं था ना? जिसका आदमी आनेवाला हो, वो नौ बजे तक घाट पर नहीं बैठती, बाई."