खातं भाड्यानं देणे आहे

१. मेसेज साधा असतो. 'भावा, बँकेत खातं आहे का? पंधरा दिवसांसाठी पाहिजे. पाच हजार रोख. रिस्क झिरो.' इन्स्टाग्रामवर किंवा टेलिग्रामवर येतो, पण पाठवणारा बऱ्याचदा ओळखीतलाच निघतो. कॉलेजात एक वर्ष पुढे असलेला, मित्राचा मित्र. त्याला खात्यामागे कमिशन मिळतं. मग 'किट' द्यायचं: पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक आणि खात्याला जोडलेलं सिमकार्ड. चहाच्या टपरीवर पाकीट हातात पडतं. नेटबँकिंगचा पासवर्ड पोरगा वहीच्या कागदावर लिहून देतो, नीट वाचता यावा म्हणून सुवाच्य अक्षरात.

२. त्याच्या लेखी हे सायकल वापरायला देण्यासारखं. पण खात्यात जे येतं ते फोनवरच्या तोतया पोलिसांच्या 'डिजिटल अरेस्ट'ला घाबरलेल्या एखाद्या निवृत्त माणसाचं आयुष्यभर साठवलेलं धन. काही मिनिटांत त्याचे तुकडे होऊन ते आणखी दहा खात्यांत जातं, पुढं एटीएममधून रोख नाहीतर क्रिप्टो. फसवणारा कंबोडिया-म्यानमारमधल्या एखाद्या कोंडवाड्यातून बोलत असू शकतो. पोलिसांच्या कागदावर मात्र खरं नाव, खरा आधार क्रमांक आणि खरा पत्ता एकाचाच सापडतो. पोराचा.

३. कायदा काय म्हणतो? गुन्ह्यातून आलेला पैसा लपवायला किंवा फिरवायला जाणूनबुजून मदत करणं हा २००२ च्या पीएमएलए (मनी लाँडरिंग प्रतिबंधक) कायद्याखाली गुन्हा आहे; शिक्षा ३ ते ७ वर्षं सक्तमजुरी. वय १८ च्या आत असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. अकरावीतला पोरगा आणि एफवायचा पोरगा यांच्या अकलेत फारसा फरक नसतो, कायद्यात मात्र मध्ये एक वाढदिवस उभा असतो.

४. तुरुंग दूरची गोष्ट. खातं आधी गोठतं. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची शिष्यवृत्ती त्याच खात्यात येणार असेल तर तीही अडकते.

५. आता बँकांकडे वळू. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं खातं स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये नव्यानं स्पष्ट केली. माझा त्याला विरोध नाही. पैशाशी ओळख लवकरच व्हावी. पण चावी हातात देताना एवढं तरी सांगा, की कार्ड आणि सिम दुसऱ्याला देणं म्हणजे काय. फॉर्मवर वीस सह्या घेता, एकविसावं वाक्य तोंडानं बोला. मराठीत. अशी भाड्यानं दिलेली खाती हुडकणारी 'म्यूलहंटर' यंत्रणा रिझर्व्ह बँकेच्याच इनोव्हेशन हबनं तयार केली आहे, चांगलं आहे. पण तीनशे रुपये शिल्लक असलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात रात्री दोन वाजता सहा लाख आले, तर ते ओळखायला यंत्र कशाला हवं? पैसे पुढे जाण्याआधी थांबवा आणि घरी फोन करा. सिम दुसऱ्याच्या खिशात गेलंय, म्हणून खात्यावर पालकाचाही नंबर हवा.

६. समाजमाध्यम कंपन्यांविषयी थोडक्यात: 'खातं पाहिजे' ही जाहिरात उघड्यावर लागते. पोरांना दिसते ती कंपनीला दिसत नाही, हे मला पटत नाही.

७. सगळ्यात मोठी उणीव परतीच्या वाटेची आहे. १९३० हा हेल्पलाइन नंबर पैसे गेलेल्यांचा. किट दिलेल्या पोरानं कुणाला फोन करायचा? घरी सांगावं तर बाबांची भीती, पोलिसांत जावं तर आपणच आरोपी, आणि किट परत मागावं तर पलीकडून आधार कार्डाचा फोटो दाखवून धमकी. म्हणून तो गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्याच्या दिवसांत खात्यातून आणखी चार माणसं लुटली जातात. माझी मागणी एवढीच: स्वतःहून पुढे येऊन खातं बंद करायला लावणाऱ्या, कमिशन परत करणाऱ्या आणि किट कुणी घेतलं ते सांगणाऱ्या पहिल्या खेपेच्या मुलाला साक्षीदार माना. सायबर पोलिसांनी त्यासाठी वेगळी खिडकी ठेवावी, आणि कॉलेजच्या नोटीस बोर्डावर परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी तिचा नंबर लावावा.